टाकीजवळची जास्वंद

पेणमध्ये वाढलेल्या मुलांना शाडूचं नवल नसतं. गणपती जवळ आले की निम्मा वर्ग शाळा सुटल्यावर कुणाच्या ना कुणाच्या कारखान्यात असायचा. त्यामुळे आठवीत, अनंत चतुर्दशीनंतर, चित्रकलेच्या बाईंनी उरलेल्या शाडूची गोणी वर्गात आणवली तेव्हा आम्हाला वाटलं, आता गणपती करायचे. बाई म्हणाल्या, "फुलं करायची. आधी टाकीजवळची जास्वंद बघून या. तोडायची नाही."

मी बघून आले आणि पाच पाकळ्या गोलात चिकटवल्या. बाईंनी परत पाठवलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला दिसलं: प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली, दुसरी कड पलीकडच्या पाकळीखाली गेलेली. पाचही एकाच दिशेने वळलेल्या. आजीच्या पूजेसाठी मी रोज जास्वंद खुडत होते, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. मधल्या दांड्यावरचे पिवळे परागकण नीट पाहिले आणि अगदी टोकाच्या पाच लाल टिकल्याही त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.

तळहाताएवढी फरशी थापून त्यावर फूल उठावात करायचं होतं. जोडाच्या दोन्ही बाजू खरवडायच्या, पाण्यात कालवलेला पातळ शाडू लावायचा, मग पाकळी दाबायची. शिरा ओढायला खराट्याचा हीर. दांडा नीट उभा राहावा म्हणून मी आत तार घातली, तर दोन दिवसांत तो उभा चिरला. बाई रागावल्या नाहीत. वाळताना शाडू आकसतो, तार आकसत नाही, एवढं समजावलं आणि पुढच्या गोळ्यात पिंजलेला कापूस मळायला लावला. सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश वाळलेली ती दुसरी फरशी अखंड निघाली. तो आनंद मी अजून विसरलेले नाही.

रंगाआधी पांढऱ्याचा हात द्यायचा. तो चुकवला तर माती रंग पिते आणि लाल विटका दिसतो. पाकळीला लाल पोस्टर कलर, गळ्याशी किरमिजी, आणि दोन्ही ओले असतानाच एकमेकांत उतरवायचे.

पुढे इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेत निसर्गचित्राला समोर फांदी आली, तेव्हा पेन्सिल टेकवण्याआधी मी बराच वेळ नुसती बघत बसले. ही सवय बाईंची.

आता डोंबिवलीत राहते. दर वर्षी गणपतीनंतर पेणहून थोडा शाडू आणते आणि गॅलरीतल्या कुंड्यांतली फुलं करते: सदाफुली, तगर, गोकर्ण. तगरीच्या पाकळ्याही जास्वंदीसारख्याच एका दिशेने वळतात, हे कळलं तेव्हा बाईंना सांगावंसं फार वाटलं.

सुवर्णमहोत्सवासाठी पाच फरश्या शाळेला देते आहे. त्या भाजलेल्या नाहीत, म्हणून ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नयेत. सोबत शाडूची एक गोणीही आहे, आठवीच्या वर्गासाठी. वापरायच्या आदल्या रात्री भिजत घालावा.