मेसचं बिल, होस्टेलर आणि महाडीबीटी: माझा अनुभव

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहताना महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन पोर्टलचे, बरेच फॉर्म भरले, माझे आणि आजूबाजूच्या खोल्यांतल्या पोरांचेही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. शिष्यवृत्ती मंजूर होणं हे निम्मंच काम आहे. मेसचं खातं थकायच्या आत पैसे हातात पडले, तरच वसतिगृहातल्या मुलाला त्यांचा खरा उपयोग होतो. इथं लिहितोय ते अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे.

सुरुवात उत्पन्नाच्या दाखल्यापासून करा, आणि जून-जुलैतच करा. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून मागच्या वर्षीचा कामाला येत नाही. दुसरं कारण आपल्या भागातलं आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, गेवराईकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. एकदा ट्रॅक्टर कारखान्याकडे गेला की तलाठ्याकडच्या कागदावर सही करायला वडील गावात नसतात आणि रेशनकार्ड घरात कुलपाआड असतं. मग पोरगा एसटीनं गावी जातो, नेमका त्या दिवशी तलाठी दुसऱ्या सज्जावर असतो, आणि चार तास बुडतात ते प्रॅक्टिकलचे. म्हणून आईवडील गावात आहेत तोवर तलाठ्याचा अहवाल घ्यायचा आणि सेतूत अर्ज टाकायचा. दाखला तहसीलमधून येतो.

आता फॉर्ममधली सगळ्यात महागडी चूक. प्रोफाइलमध्ये वसतिगृहाच्या माहितीचा वेगळा भाग असतो. घाईत बरेचजण तो कोरा सोडतात किंवा ‘डे स्कॉलर’ ठेवून पुढं जातात. बी.ए., बी.एस्सी., एम.ए. अशा अभ्यासक्रमांना वसतिगृहात राहणाऱ्याचा वर्षाचा शैक्षणिक भत्ता ६,००० रुपये आहे, घरून येणाऱ्याचा ३,०००. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला हाच फरक १३,५०० आणि ७,००० असा पडतो. म्हणजे एका चुकीच्या निवडीत निम्मा भत्ता जातो. ‘होस्टेलर’ निवडायचं आणि वॉर्डनच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र जोडायचं. त्यावर प्रवेशाची तारीख आणि चालू शैक्षणिक वर्ष आहे ना, ते तिथंच उभं राहून वाचून घ्या.

फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. कागद पुसट असला, नाव जुळत नसलं की तो ‘सेंड बॅक’ होतो. त्याचा मेसेज जुन्या, बंद पडलेल्या सिमवर गेला तर मुलाला पत्ताच लागत नाही. दर रविवारी स्वतः लॉगिन करून स्थिती बघणं हा एकच खात्रीचा उपाय मला सापडला.

पैसे अडकतात ते बहुतेक बँकेत. बँकेला आधारची झेरॉक्स देणं वेगळं, आधार खात्याला सीड होणं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलं जाणं, वेगळं. एका वेळी एकच खातं सीड असतं, आणि शेवटी जे सीड झालं त्यात रक्कम जाते. सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात शिष्यवृत्ती पडलेली आणि मुलगा गावच्या ग्रामीण बँकेचं पासबुक भरून भरून बघतोय, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. फॉर्म भरायच्या आधी माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती तपासा. खातं चालू आहे ना, केवायसी झालीय ना, तेही त्याच आठवड्यात बघा.

आणि रक्कम आली की ती सगळी आपली समजू नका. २०२१-२२पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. ती लगेच भरून पावती घ्यायची. थकवली की पुढं परीक्षा फॉर्मच्या वेळी ती आडवी येते, आणि तोवर पैसे संपलेले असतात.

ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. तिचा अर्ज वेगळा, तो विसरू नका.

फी भरून हातात उरतात ते पाच-सहा हजार. बाबासाहेबांना १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड अशी ठरलेली होती. आपल्याकडे रक्कम एकदम आणि बहुधा उशिरा येते, म्हणून महिन्यांची वाटणी आपल्यालाच करावी लागते. माझं ठाम मत आहे, पहिले पैसे मेसला द्यावेत, तेही मार्च-एप्रिलचे आगाऊ. याच दिवसांत लग्नसराई असते आणि पैशाची ओढ असलेली मुलं संध्याकाळी केटरिंगला वाढायला जातात. रात्री एकला परततात, सकाळी पेपर. ज्यांचं दोन महिन्यांचं जेवण भरलेलं असतं ती मुलं त्या संध्याकाळी अभ्यासिकेत दिसतात, शनिवारी गटचर्चेला थांबतात, कुणाचं ताट उरलंय का हे विचारायला मेसच्या दारात उभी राहत नाहीत. हा फरक मी जवळून बघितलाय, आणि तो सहा हजारांत पडतो.

फीची पावती, वॉर्डनचं प्रमाणपत्र, अर्जाचा आयडी आणि निकाल एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या अर्जाला यातलंच बरंचसं पुन्हा लागतं.