घेवड्याचं पान रात्री मान टाकतं तेव्हा पोटॅशियम कुठे असतं?

राजमा म्हणजे श्रावणघेवड्याचंच बी, त्यामुळे रोपांसाठी वाण्याकडचा राजमाही चालतो. फक्त जुना नको. 8 तास भिजवून 2-3 सेंटिमीटर खोल पेरतो. पहिली जोडपानं उघडली की 12 तास उजेड आणि 12 तास अंधार, असं निदान आठवडाभर.

पाणी कमी पडलेलं पान सगळंच मऊ पडतं. झोपलेलं पान ताठच असतं, वाकतं ते फक्त पातं आणि देठ जुळतात तिथल्या फुगीर सांध्यात, म्हणजे पल्विनसमध्ये. दिवसा सांध्याच्या खालच्या बाजूच्या पेशी प्रोटॉन बाहेर ढकलतात. पेशीची आतली बाजू अधिक ऋण होते, पोटॅशियम आत येतं, जोडीला क्लोराइड आणि पेशीतच तयार होणारं मॅलेट (मॅलिक आम्लाचा ऋण आयन). मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगतात, पान उचललं जातं. रात्री उलट: खालच्या पेशी रिकाम्या होतात, वरच्या फुगतात.

हे डोळ्यांनी पाहायला मी दुपारी 2 आणि रात्री 2 वाजता सांधे कापतो. रात्री मंद हिरवा उजेड, तोही थोडाच वेळ. निळ्या उजेडाने सांधा हलतो. रोपं सतत उजेडात ठेवली असतील तर घड्याळ पाहून कापू नये. आतलं चक्र चालूच राहतं, पण नेमकं 24 तासांचं राहत नाही.

पोटॅशियम दिसावं म्हणून सोडियम कोबाल्टिनायट्राइट वापरतो; पोटॅशियम भेटलं की त्याचा पिवळा साका पडतो. 1 ग्रॅम 10 मिली थंड पाण्यात, वर 2 थेंब सौम्य ॲसेटिक आम्ल. हे द्रावण टिकत नाही, त्याच दिवशी करायचं आणि बर्फात ठेवायचं. आडवे काप थेट त्यात, अर्धा तास. आधी पाण्यात धुतले की कापलेल्या पेशींतलं पोटॅशियम तिथेच निघून जातं. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. नंतर मात्र बर्फाच्या पाण्याने, पिवळेपणा सुटेनासा होईपर्यंत धुवायचे. कोमट पाण्यात साका विरघळतो.

पिवळे कण पुसट दिसले तर सौम्य अमोनियम सल्फाइड, विषारी वाफा ओढून घेणाऱ्या धूरपेटीतच (फ्यूम हूड). काळा कोबाल्ट सल्फाइड उठून दिसतो. ही बाटली आधी उघडू नका, अमोनियमही तसाच पिवळा साका देतो. हातमोजे हवेतच; कोबाल्टचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये नाही, वेगळ्या बाटलीत.

सांध्यात वाहिन्या मधोमध एकवटलेल्या असतात, त्यामुळे कापावरून वरची बाजू कोणती ते कळत नाही. कापण्याआधीच वरून पक्क्या शाईचा ठिपका द्यावा. आणि एक बाजू काळी, दुसरी कोरी असं काही दिसत नाही: पोटॅशियम दोन्हीकडे भरपूर असतं, फरक गडदपणाचा असतो.