निपाणी लागली काय?

माझी सकाळ बेळगावच्या एका बसस्टँडवर सुरू होते. नोकरी खानापूरच्या बाजूला शाळेत, त्यामुळे सातच्या आसपास येऊन उभं राहायचं आणि खानापूर गाडी लागायची वाट बघायची, हे बरीच वर्षं चाललंय. कुठला स्टँड ते मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणी शोधत जायला नको.

गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये. मला आता गावांची नावं वाचता येतात (बाकी माझं कन्नड "ऊट आत?", म्हणजे जेवण झालं का, च्या पुढे फारसं सरकलेलं नाही, घरात सगळे हसतात) पण खेड्यातनं येणारी आमची म्हातारी माणसं अजून शेजारच्याला विचारूनच गाडीत चढतात, "ही कंची वो?" आणि शेजारचा सांगतो, त्यात कुणालाच काही वाटत नाही. म्हणून एका पावसाळ्यात, तरणा पाऊस धो धो पडत असताना, बाकड्यावरच्या एका मामांनी मला "बाई, निपानी लागली काय?" असं विचारलं तेव्हा मी पाटी वाचली आणि म्हटलं, लागलीय की मामा, तिकडं पलीकडं. त्यांनी मान उंच करून बघितलं आणि म्हणाले, "गर्दी हाय की वो त्यात. मागल्यानं जातो."

डोक्यावर गांधी टोपी, खांद्यावर टॉवेल, शेजारी बाकड्यावर खताच्या पोत्याचं बोचकं, सुतळीनं नीट बांधलेलं. लग्नाला नाहीतर लेकीकडं निघालेल्या माणसासारखे दिसायचे, आणि मला वाटलंही तसंच. दुसऱ्या दिवशी परत "निपानी लागली काय?" तिसऱ्या दिवशी परत. रोज लागलेली असायची आणि रोज काहीतरी कारण असायचं, ही फार थांबत थांबत जाते, हिचा डायवर बरा नाही, आणि 11 जून 2023 ला शक्ती योजना आल्यावर, म्हणजे सरकारी बसमधनं बायकांना फुकट सुरू झाल्यावर, तर त्यांना कायमचंच कारण मिळालं, "बायकांचीच गाडी झाली वो ही, आमी कुठं बसायचं?" मी हसायचे. पगार घेऊन झिरो तिकिटावर जाणारी मी, आणि ज्यांना तिकीट पडणार ते मामा, पण हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कळलं ते एका रात्री. गोव्याहून येणारी गाडी उशिरा पोचली, साडेदहा वाजून गेले होते, मी रिक्षा बघत होते आणि त्याच बाकड्यावर तेच बोचकं. वॉचमन काठी आपटत आपटत एकेकाला उठवत येत होता, एक दारुडा होता, एक बाई दोन पोरांना घेऊन झोपली होती, त्यांना उठवलं. मामांच्या पुढ्यात आल्यावर मामाच म्हणाले, "निपानी गाडी हाय नव्हं अजून एक?" वॉचमन म्हणाला, "हां हां, हाय, बसा," आणि पुढे गेला. त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

रात्री घरी येऊन पडल्यावर सगळं उलगडत गेलं. बसस्टँडवर बोचकं घेऊन बसलेला माणूस गाडीची वाट बघत असला की प्रवासी, आणि वाट बघत नसला की भटका. बोचकं तेच, बाकडं तेच. त्या एका प्रश्नावर मामांचं बस्तान होतं आणि दिवसातनं पाच-सहा जणांना तो विचारून ते पक्कं करत होते. मी त्यातली एक. म्हणजे एका परीनं साक्षीदारच.

2011 च्या जनगणनेत बेघर माणसं मोजायला एक वेगळी रात्र ठेवली होती, 28 फेब्रुवारीची. फुटपाथ, पुलाखाली, मोठ्या पायपांत, देवळाच्या मंडपात, प्लॅटफॉर्मवर जे झोपलेले असतील त्यांना त्या रात्री गाठायचं, आणि देशभरात असे 17 लाखांवर निघाले. आम्हा मास्तर-बाईंनाच जनगणनेला जुंपतात म्हणून हे माहीत. आता मी विचार करते, त्या रात्री कुणी वही घेऊन मामांच्या पुढ्यात उभं राहिलं असतं तर मामांनी काय सांगितलं असतं? निपाणी लागली काय, हेच. आणि मोजणारा पुढे गेला असता. ते 17 लाख, ते झोपलेले सापडले ते.

एप्रिलात घरपट्टी भरली, त्या महिन्यात भरली की 5 टक्के सूट मिळते म्हणून आमच्याकडे सगळेच तेव्हा धावतात. पावतीवर बारीक अक्षरात सेस असतात, आरोग्याचा, लायब्ररीचा, आणि एक भिक्षुकांचा, 3 टक्के. कर्नाटकात 1975 चा भिक्षा मागायला बंदी करणारा कायदा आहे, भीक मागणाऱ्यांना धरून केंद्रात ठेवायचं, त्याच्या खर्चाचा हा सेस. इतकी वर्षं मी भरतेय आणि कधी वाचलाच नव्हता. छप्पर असणाऱ्याच्या घरपट्टीत छप्पर नसणाऱ्याची पट्टी. पण मामा भीक कुठं मागतात? पार्सलं उचलून देतात, टपावर पोती चढवतात, पेरूवाल्याची पाटी सांभाळतात, आणि दहा रुपये हातात आले की इंदिरा कँटीनला, सरकारच्या स्वस्त खाणावळीत, जेवून येतात. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर फक्त गाडीच्या पाटीवरचं नाव.

लाख वस्तीमागं एक रात्रनिवारा असावा असं सुप्रीम कोर्टानं कधीच सांगून ठेवलंय. त्या हिशेबानं आमच्या गावाला चार-पाच यायला हवेत. पण मामा तिथं गेले असते का, याची मला शंका आहे. निवाऱ्यात गेलं की नाव लिहायचं, आधार दाखवायचं, म्हणजे मी बेघर आहे हे आपल्या तोंडानं सांगायचं. स्टँडवर ते सांगावं लागत नाही.

एवढं सगळं समजून उमजून मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. गणपतीच्या आधीचे दिवस होते, सगळे गावाला निघालेले, माझं मन भरून आलेलं, आणि मामांनी नेहमीसारखं विचारल्यावर मी म्हटलं, "लागलीय मामा, चला, तिकीट मी काढते, बसवून देते तुम्हाला." वर पर्स उघडून पैसेसुद्धा काढले. मामा माझ्याकडे बघतच राहिले. रागानं नव्हे, एखाद्यानं आपलं झाकलेलं ताट उघडून बघावं तसं. मग बोचकं उचललं आणि पार टोकाच्या बाकड्यावर जाऊन बसले.

गणपती आले, गेले. मामा तिकडंच, आणि मी आले की पाऊस बघत बसायचे. मला कुणी निपाणी विचारेना आणि त्यानं एवढं काय बिघडतंय असं स्वतःला दहादा सांगून झालं. ह्या माणसाचं गाव खरंच निपाणी आहे का हेसुद्धा मला माहीत नाही. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच असतो, "गाव कंचं?", कन्नडमध्ये "याव ऊर री?", सगळी विचारपूस तिथनं सुरू होते. आणि इतक्या दिवसांत मी तो विचारलाच नव्हता, मला आपलं आधीच उत्तर मिळाल्यासारखं वाटलेलं.

मग एका सोमवारी खरोखरच उशीर झाला. धावत आले तर खानापूरच्या जागेवर गाडी नाही, फोनला रेंज नाही, आणि ओळखीचा चेहरा एकच. टोकाच्या बाकड्याशी गेले आणि विचारलं, "मामा, खानापूर गेली काय?"

मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या जागेकडे.

"तुमची आत्ताच गेली की. आता पावणेआठची. ती बी दहा मिनिटं लेट लागतीया."

बोचकं उचलून खाली पायाशी ठेवलं, खांद्यावरच्या टॉवेलनं बाकड्यावरचं पाणी पुसलं, आणि म्हणाले, "बसा की वो."