रामलिंग घाट, सातवी फेरी: कानाने पक्षी

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, उघड्या माळावर दहा वर्षं काढलेल्या माणसाला घाट लवकर वश होत नाही. माळावर नजर थेट क्षितिजाला भिडते. दुर्बीण फिरवली की धाविक, चंडोल असे माळाचे पक्षी सापडतातच. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात पंधरा फुटांवर धावड्याचं झाड आडवं येतं. म्हणून यंदा इथली यादी कानानेच करायची ठरवली. नियम एकच, आवाज आधी वहीत, आवाज ओळखणारं फोनवरचं ॲप घरी गेल्यावर.

जूनचा पहिला रविवार. सोलापूरहून पहाटे चारला निघालो. अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. आपलं माळढोकचं कापून कापूनही १,२२२ उरलं आहे! पण बालाघाटच्या या कडेला उंची-खोली कामाला येते. माथ्यावर कुसळी आणि बाभळी, उतारावर पळस-धावडा, खाली देवळाजवळच्या ओढ्याला गर्द सावली. शंभरेक पावलं उतरलं की आवाजच पालटतात.

अंधारात पहिली नोंद रातव्याची. शहाबादी फरशीवर गोटी टाकली की ती उसळत उसळत शेवटी टपटपटप करत थांबते ना, हुबेहूब तसा. पावशाला गुण देत नाही, 'पेरते व्हा' शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी ओढ्याकडून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली. नवरंग! दक्षिणेत, श्रीलंकेत हिवाळा काढून पावसाच्या तोंडावर येणारा हा पाहुणा. शीळ ऐकून तो समोरच आहे असं वाटतं, पण चाळीस मिनिटं डासांना रक्त दिल्यावर पाचोळा उलटताना दिसला. तेवढ्या एका शिळेसाठी आधीच्या सहा फेऱ्या माफ.

आता फजिती. शिक्रा म्हणून ठसठशीत लिहिलं, शेजारी वेळही टाकली. सोबतचे काका शांतपणे म्हणाले, "वर बघ की." फांदीवर पांढऱ्या पोटाचा कोतवाल बसून शिक्र्याची नक्कल करत होता. टकाचोरानेही तसंच फसवलं. एकट्याचे तीन आवाज मी तीन पक्ष्यांच्या नावावर मांडले होते. एकूण २३ नोंदी, पडताळून उरल्या १७. मागच्या वेळी ११ होत्या.

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून वाघ इथवर चालत आला, तेव्हापासून ओढ्यात एकट्याने उतरत नाही. काका पुढे, मी मागे. (वय विचारू नका.)

जटायू इथेच पडला अशी श्रद्धा आहे, त्याची समाधीही देवळात आहे. आपल्या पक्षीवेड्या लोकांनी तिथे डोकं टेकवायला हवं, मी टेकवलं.

पुढची फेरी दमदार पाऊस झाला की. येणार असाल तर श्रावणातले सोमवार टाळा, गर्दीत माकडांशिवाय काही ऐकू येत नाही.