आमटीतला हिरवा केस

श्रावणी सोमवार, रात्री

ही दुपारी कोपिनेश्वराच्या रांगेत, बाहेर पाऊस, आणि मी पंखा बंद करून घामाघूम. पंखा लावला की हरणाचे केस घरभर होतात. न लावताही होतात म्हणा. संध्याकाळी उपास सोडताना आमटीत एक हिरवा केस निघालाच. "अहो, तुमचा बेडूक तळ्यात सोडायचा असतो," एवढंच म्हणाली. श्रावण आहे म्हणून स्वर सौम्य होता.

बेडूक म्हणजे मरळ माशासाठीचा फ्लाय, गळावर बांधलेलं खोटं आमिष. गळाच्या दांड्यावर हरणाचे केस बांधायचे, ठासायचे आणि मग कातरून त्यातून बेडूक काढायचा. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये हयात गेली, त्यामुळे गळ पकडणाऱ्या व्हाइससमोर बसलं की बरं वाटतं. फक्त इथे ड्रॉइंग नाही, आणि लोखंडासारखा केस सांगितलेलं ऐकतही नाही. पेन्सिलीएवढी जुडी कातड्यालगत कापायची. मुळाशी मऊ लोकर असते, ती उवांच्या फणीने विंचरून काढायची. राहिली तर केस फुलत नाहीत. मग दोऱ्याचे दोन सैल वेढे आणि एक ओढ. ओढ बसली की आडवे पडलेले केस फस्सकन काटकोनात उभे राहतात. हे इतक्या वेळा बघितलंय, तरी दर वेळी बघत राहतो. साधा शिलाईचा दोरा या ओढीला तुटतो, म्हणून पॉलिएथिलीनचा खास दोरा लागतो. तो बोट कापतो, पण तुटत नाही.

केस फुलतो कारण तो आतून भरीव नाही. हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. दोरा बसतो तिथे कप्पे चेपतात आणि उरलेला केस बाहेर उसळतो. त्याच हवेवर बेडूक तरंगतो. म्हणजे बांधताना जो त्रास देतो तोच गुण पाण्यात कामाला येतो.

आणि ही हवा केसात भरलेली असते थंडीसाठी. माझ्याकडची कातडी अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, तीही हिवाळ्यातली. बर्फात उभं राहणाऱ्या जनावराला अंगावर हवेची गोधडी लागते. त्याच हरणाचा उन्हाळी केस बारीक आणि आखूड असतो, तो असा फुलत नाही. आपल्या येऊरच्या चितळाला कसली आलीय थंडी! ठाण्यात डिसेंबरातसुद्धा कपाटातला स्वेटर फक्त हवा खायला बाहेर निघतो.

तसंही चितळ-सांबराच्या केसाला हात लावायचा नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. येऊरला फिरताना गळून पडलेलं शिंग दिसलं तरी ते तिथेच ठेवून पुढे जायचं. मला ते पटतं. शौक माझा आहे, त्याचा भार त्या जंगलावर कशाला? पण एक गंमत मनातून जात नाही. तलावांच्या या गावात, खाडीच्या दमट हवेत, मी डांबरगोळ्या घालून दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा हिवाळा डब्यात जपून ठेवतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तो डबा उघडून बुरशी आणि कसर बघायची. लोणच्याच्या बरणीइतकी काळजी, असं हीच म्हणते.

बुधवार

आज रंग लावले. म्हणजे रंगवलेले केस थरावर थर. एकाच रंगाचं डोकं करायचं तर केस दांड्याभोवती फिरू द्यायचे. 1930 च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर डॉन गॅपन याने मडलर मिनो नावाचा फ्लाय बांधला, त्याचं डोकं तसं आहे. लहान माशाची नक्कल. बेडकाला ते चालत नाही. पोट पांढरं, पाठ हिरवी, म्हणून जुडी बोटांनी घट्ट धरून जागेवरच फुलवायची, फिरू द्यायची नाही. ठिपका हवा तर हिरव्या जुडीच्या मध्यात पिवळी, तिच्या मध्यात काळी. प्रत्येक थरानंतर पितळेच्या नळीने मागे रेटायचं. नळी मीच लेथवर काढलेली, निवृत्तीच्या आधी. इतकं दाबायचं की नख टेकवलं तर बुचासारखं लागावं.

या टप्प्यावर ते ध्यान बेडूक अजिबात दिसत नाही. बाटली धुवायचा ब्रश दिसतो. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, त्यांनी खरंच तसं समजून किंमत विचारली.

गुरुवार

आज कातरकाम. आधी चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरला, केस ताठ होतात. मग दाढीचं दुधारी पातं. पहिला काप पोटाखाली, दांड्यालगत, सपाट. इथे हयगय चालत नाही. खाली केसांचा गठ्ठा राहिला तर गळाचं तोंड बुजतं आणि मरळीने तोंडात घेऊनही गळ लागत नाही. पाठीला मात्र पातं दोन बोटांत वाकवून, कमानीत फिरवायचं. बांधलेल्यातला बहुतेक केस शेवटी खाली वर्तमानपत्रावर पडतो.

आता खरं बोलायचं तर मरळ खालून बघते. तिला दिसणार पांढरं पोट आणि पाण्यावरची वळवळ. ते पिवळे-काळे ठिपके दिसणार एखाद्या घारीला आणि मला. म्हणजे कामाचा भाग एका कापात संपतो आणि माझा सगळा वेळ जातो पाठीवर! टूलरूममध्ये असा वेळ घालवला असता तर सुपरवायझरने विचारलं असतं, हे ड्रॉइंगमध्ये कुठे आहे? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मेसिंजर या फ्लाय बांधणाऱ्याने तर आपल्या बेडकाच्या पायांना गुडघे दिले, वाकलेले. माझे पाय अजून सरळच आहेत. ते जमवायचे आहेत.

पाण्यात जायची घाई नाही. पावसाळ्यात मरळ पिल्लं सांभाळते. तांबूस पिल्लांचा घोळका वर आणि आईबाप खाली राखणीला. त्या वेळी समोर काहीही पडलं तरी ती झडप घालते, भूक म्हणून नव्हे. ती पकडली तर पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. तेव्हा दसऱ्यानंतर बघू. तोवर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवला आहे, म्हणजे सोडताना सोपं जाईल.

हिरवी जुडी संपत आली आहे आणि काळे केस भरपूर उरलेत. पुढच्या बेडकाला ठिपके वाढणार असं दिसतंय.