इंदूर कॅम्पर ट्रेलर: टाकी पुढे सरकवली, स्टेपनी आत घेतली

गाडीमागे ओढायच्या आमच्या कॅम्पर ट्रेलरची फ्रेम, फरशी, किचनचं कपाट तयार आहे. एकच एक्सल, कपलर (गाडीला अडकणारं दांडीचं तोंड) ते एक्सल २.८ मीटर, सामान आणि पाण्यासकट ७०० किलो. आता दांडीवरचं वजन, म्हणजे दांडी गाडीवर टाकते तो भार, ताब्यात आणायचं काम चालू आहे. तो कमी पडला की ट्रेलर डोलतो.

अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर ठेवतात, युरोपात साधारण ५ ते ७. आम्ही १० धरले. गाडीच्या मॅन्युअलमधली किंवा हिचच्या (गाडीमागच्या जोडाच्या) प्लेटवरची मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळायची.

हिशोब सोपा आहे: सामानाचं वजन गुणिले एक्सलपासूनचं अंतर, भागिले २.८. सामान एक्सलच्या मागे असेल तर दांडीवरचा भार तेवढा घटतो, पुढे असेल तर वाढतो. मागच्या बंपरवर १६ किलोची स्टेपनी आणि पाण्याचे २०-२० लिटरचे दोन कॅन होते, एक्सलच्या १.७५ मीटर मागे. ५६ × १.७५ ÷ २.८ = ३५. दांडीवर ३५ किलोच उरले होते, म्हणजे ५ टक्के. तेच सामान एक्सलच्या वर आणल्यावर ७० भरले.

मागचं तसंच ठेवून दांडीवर पेटी बसवा, २.१ मीटर पुढे ४७ किलो टाका, असा सल्ला हमखास मिळतो. काटा ७० दाखवेलही, पण दोन्ही टोकं जड झालेला ट्रेलर एकदा डोलायला लागला की लवकर थांबत नाही. जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं: अर्ध्या मीटरवरची वस्तू १.७५ मीटरवर नेली की तेच वजन बारा पट जड वागतं. म्हणून पाणी, बॅटरी, स्टेपनी एक्सललगत आणि खाली. नमकीनचे डबे कुठेही ठेवा.

६० लिटरची टाकी आता एक्सलच्या ०.४ मीटर पुढे आहे. ती रिकामी झाली तरी दांडीवर ६१ किलो राहतात, म्हणजे ९.६ टक्के.

मोजताना धर्मकाटा एकूण वजनापुरताच वापरा. त्याचा टप्पा ५-१० किलोचा असतो, दांडीला तो चालत नाही. सपाट जागा, चाकांखाली पाचर, बाथरूमच्या काट्यावर लाकडी ठोकळा आणि त्यावर कपलर, बरोबर बॉलच्या (हिचचा गोळा, ज्यावर कपलर बसतो) उंचीवर. जॉकी व्हील (दांडीखालचं आधाराचं चाक) उचललेलं हवं. कपलर वर-खाली झाला की आकडाही बदलतो.

दांडीवर जास्त टाकणंही बरं नाही. बॉल मागच्या एक्सलच्या १.१ मीटर मागे आणि व्हीलबेस २.७ असेल, तर ७० किलोमुळे गाडीच्या पुढच्या चाकांवरून साधारण २८.५ किलो उतरतात. स्टिअरिंग हलकं पडतं, हेडलाइट वर जातात.

इंदूरहून मानपूरच्या पुढे नर्मदेकडे उतरणाऱ्या घाटात ट्रेलर गाडीला ढकलतो. तिथे वेग आधीच कमी करा. डोलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. उलट वळवू नका, गाडीचा ब्रेक जोरात मारू नका.

पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या बसवणं बाकी आहे. अर्ध्या भरलेल्या टाकीचं माप त्यानंतर.