रिकाम्या टेबलावरचा सराव

शस्त्रक्रियागृहात, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या ओटीत, ओटी टेक्निशियन व्हायला नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी पहिली सूचना एकच मिळते : कोपऱ्यात उभा राहा, कशाला हात लावू नकोस आणि नुसते बघ. या सूचनेत गैर काही नाही, कारण निर्जंतुक भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची जाण नसलेल्या माणसाचा एक कोपर अवजारांच्या ट्रॉलीला लागला, तरी सगळी मांडणी नव्याने करावी लागते. अडचण एवढीच की कित्येकांचे अख्खे पोस्टिंग त्या कोपऱ्यातच संपते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि चोपडा, शिरपूर, शहादा यांसारख्या गावांतल्या खासगी रुग्णालयांतही शस्त्रक्रिया नेहमीच्याच झाल्या आहेत. पदविका हातात पडली की आमची मुले-मुली तिथे कामाला लागतात, आणि तिथे शिकवायला वरिष्ठ सिस्टर असतीलच असे नाही. म्हणून हाताला लागायचे ते वळण रुग्ण टेबलावर येण्याआधी, रिकाम्या ओटीत लागावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने आमच्यासारख्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या अभ्यासक्रमासाठी किमान दोन हजार तासांची अट घातली, हे चांगलेच झाले. पण त्यांपैकी किती तास विद्यार्थ्याच्या हातात ग्लोव्हज होते, हे हजेरीपटावरून कळत नाही.

दुपारी लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया, लवकर संपली की आम्ही जुनी, कामातून काढलेली अवजारे आणि मुदत संपलेले सूचर, म्हणजे टाक्यांचे धागे, घेऊन सरावाला बसतो. हे सामान वेगळ्या पेटीत, ठळक खूण करून ठेवलेले असते. ते चुकूनही रुग्णाच्या ट्रॉलीवर जाता कामा नये, हा पहिला धडा. दुसरा धडा गुलालाचा. गाऊनच्या पाठीला आणि काखेला, ट्रॉलीच्या कडेखाली लोंबणाऱ्या कापडाला आणि टेबलाच्या पातळीखालच्या भागाला आम्ही कोरडा गुलाल लावतो, कारण गाऊन घातल्यावर छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतचा पुढचा भाग आणि कोपराच्या थोड्या वरपासून खालच्या बाह्या एवढेच निर्जंतुक मानायचे असते. मग विद्यार्थ्याने नेहमीप्रमाणे अर्धा तास काम करायचे. शेवटी गुलाल कुठे कुठे पोहोचला ते बघितले की कुणाला काही बोलावे लागत नाही. थकल्यावर हात खाली सोडणारा, जागा बदलताना दुसऱ्याच्या पाठीला पोट घासणारा आणि दोन्ही हात काखेत घालून उभा राहणारा, असे सगळे आपापल्या रंगासह सापडतात. हात धुण्याचेही तसेच. डोळे मिटून, पाण्याऐवजी रंग घेऊन हात चोळायला लावले की अंगठ्याचा मागचा भाग आणि नखांची टोके हटकून कोरी राहतात.

अवजारे देण्याचा सराव मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. सर्जनच्या सुरीच्या तीन नंबरच्या हँडलला दहा, अकरा आणि पंधरा नंबरचे ब्लेड बसते, चार नंबरच्या हँडलला वीसपासून पुढचे. ब्लेड बोटांनी कधीच चढवायचे नाही, आर्टरीने (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याने) किंवा नीडल होल्डरनेच (सुई धरायच्या चिमट्याने) चढवायचे, हे वहीत सगळ्यांनी लिहिलेले असते. सुई होल्डरमध्ये टोकाकडे न पकडता धाग्याच्या बाजूने साधारण एक तृतीयांशावर पकडायची, हेही पाठ असते. प्रत्यक्षात सर्जनची नजर जखमेवर असते, हात तेवढा बाजूला येतो आणि त्या तळहातात अवजार असे पडावे लागते की ते पुन्हा फिरवून धरावे लागू नये. वाकडी आर्टरी असेल तर तिचा बाक कोणत्या बाजूला हवा, हे विचार करून ठरवायला तेव्हा वेळ नसतो. ब्लेडसारखी धारदार वस्तू तर हातातून हातात न देता किडनी ट्रेमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराच्या तबकात, ठेवूनच पुढे करावी, असा मी आग्रह धरतो. काही जुन्या सर्जनना ही पद्धत संथ वाटते, पण बोट कापलेला टेक्निशियन त्याहून अधिक वेळ खातो.

खानदेशात या सरावाला आणखी एक कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, वीज केव्हाही जाते आणि जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही क्षण ओटी अंधारात असते. पोट उघडलेले असताना सर्जनने हात पुढे केला, तर मॉप (रक्त टिपायचे कापड), आर्टरी आणि सक्शनची नळी न बघता सापडली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक वेळी ट्रॉली एकाच क्रमाने लावायची आणि डोळ्यांवर पट्टी बांधून सांगितलेली वस्तू उचलून द्यायची. पहिल्या दिवशी हशा होतो, नंतर आपोआप थांबतो.

ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत मी जास्त कडक आहे, कारण तिथली कसूर डोळ्यांना दिसत नाही. १२१ अंश सेल्सिअस आणि पंधरा पौंड दाब हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. तरी ड्रम, म्हणजे कापड आणि गॉज भरायचा धातूचा डबा, आत ठेवताना त्याच्या बाजूची भोके उघडी हवीत आणि बाहेर काढताक्षणी ती बंद करायला हवीत, हे हाताला सवय असल्याशिवाय राहून जाते. ड्रम ठासून भरला तर वाफ मधल्या गॉजपर्यंत पोहोचत नाही. बाहेरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ ड्रमच्या बाहेर पुरेशी उष्णता लागली एवढाच असतो, आतली खात्री आत ठेवलेल्या इंडिकेटरवरूनच, म्हणजे निर्जंतुकीकरण झाल्याची खूण दाखवणाऱ्या पट्टीवरूनच, करावी लागते. ओला निघालेला ड्रम निर्जंतुक समजायचा नाही, मग बाहेर नातेवाईक कितीही खोळंबलेले असोत.

आता मोजणीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची एकोणीस मुद्द्यांची यादी काढली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यादीत रुग्णाला ओटीबाहेर नेण्यापूर्वी अवजारे, मॉप आणि सुया यांची मोजणी मोठ्याने सांगायची असते. मोजणे कुणालाही येते. मोठ्याने सांगणे येत नाही, विशेषतः एक कमी भरल्यावर. म्हणून सरावात मी मुद्दाम एक मॉप मॅकिंटॉशच्या (रबरी चादरीच्या) घडीखाली दडवतो आणि सर्जनच्या जागी उभा राहून 'चला, बंद करायला घेऊ' असे घाईने म्हणतो. साक्री तालुक्यातली एक मुलगी, एरवी हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असे बोलणारी, बोर्डावरचा आकडा आणि हातातले मॉप दोनदा ताडून म्हणाली, 'सर, एक मॉप कमी शे.' मी ऐकले न ऐकल्यासारखे करून सुई मागितली. तिने नीडल होल्डर हातात घट्ट धरून ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितले. तिला त्या दिवशी मी पैकीच्या पैकी गुण दिले. सर्जनला सुई न देण्याचा अधिकार टेक्निशियनला आहे, हे मुलांना ऐकून ठाऊक असले तरी एकदा तरी वापरून बघितल्याशिवाय तो खरा वाटत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी आमच्याकडे सरावाचा संच नाही. लहान रुग्णालयांत कॅमेरा धरायला अनेकदा टेक्निशियनच उभा राहतो आणि तीस अंशाच्या, म्हणजे तिरके बघणाऱ्या, दुर्बिणीत कॅमेरा सरळ ठेवून फक्त लाइट केबलकडून नळी फिरवायची असते, ही गोष्ट सांगून समजत नाही. सध्या आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याला वरून भोके पाडली आहेत आणि आत जुना मोबाइल बसवला आहे. त्यावर चित्र बघत आर्टरीने साबुदाण्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकता येतात, पण तिरक्या दुर्बिणीचा सराव होत नाही. कुणा सर्जनकडे बिघडलेली, काच तडकलेली का होईना, तीस अंशाची दुर्बीण पडून असेल, तर आम्हांला ती हवी आहे.